दर दोन तासांनी

ज्या घरातलं माणूस कधी सरकारी दवाखान्यात भरती होतं, त्या घरात सिस्टरबद्दलची एक तरी गोष्ट असतेच. आईची सलाइन संपली म्हणून सांगायला गेलो तर सिस्टर अंगावर खेकसली. बेडपॅन मागितलं तर ‘मावशींना सांगा’ म्हणाली आणि मान वर न करता लिहीत राहिली. रात्री अडीचला बाबा कण्हत होते, दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा आली ती तणतणतच. या गोष्टी खऱ्या असतात. माणूस त्या वेळी अगदी अगतिक असतो, म्हणून त्या वर्षानुवर्षं मनातून जातही नाहीत. आणि १२ मे, परिचारिका दिन, उजाडला की हीच सिस्टर देवदूत होते. मेणबत्त्या लागतात, शपथ होते, पाहुणे भाषण करतात, गुलाबाचं फूल आणि सामोशाचं पाकीट हातात पडतं. दुसऱ्या दिवशी वॉर्ड होता तिथंच असतो.

देवदूताबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. या प्रस्तावनेत मला मुख्यतः खेकसणाऱ्या सिस्टरबद्दल लिहायचं आहे, कारण या पुस्तकाच्या पुढच्या पानांत बोलणाऱ्या बहुतेक परिचारिकांनी कधी ना कधी तिला स्वतःत पाहिलं आहे आणि त्या तिला घाबरतात.

१९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. फुकट चालणाऱ्या दवाखान्यात स्वतःहून राबायला आलेली माणसं काही काळाने चिडकी, कडवट, गळून गेलेली का होतात, हा त्याचा प्रश्न होता. ‘बर्नआउट’ हा शब्द अभ्यासात रुळला तो तेव्हापासून. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन या दोघींनी १९८१ मध्ये ही अवस्था मोजायची प्रश्नावली तयार केली, ती आजही जगभर वापरली जाते. त्यांनी तीन गोष्टी धरल्या. भावनेचा साठा आटून जाणं ही पहिली. समोरच्या माणसाशी कोरडं, तुटक, तुसडं वागायला लागणं, त्याला माणूस म्हणून न पाहणं ही दुसरी. आपल्या हातून काही धड होत नाही असं सतत वाटणं ही तिसरी. यातली दुसरी जरा सावकाश वाचावी. आपण ज्याला त्या बाईचा स्वभाव म्हणतो, ते या यादीत लक्षण म्हणून नोंदलेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद करताना एक काळजी घेतली. त्याला आजारांत न बसवता कामाच्या जागी उद्भवणारी अवस्था म्हटलं. फरक बारीक वाटतो, पण सगळं त्यावरच अवलंबून आहे. आजार म्हटला की सिस्टरला तपासायचं, गोळी द्यायची, समुपदेशकाकडे पाठवायचं. कामाच्या जागी उद्भवणारी अवस्था म्हटली की वॉर्ड तपासावा लागतो.

तर वॉर्ड बघू. वेळ रात्री आठची, मेडिकल वॉर्ड. बहुतेक सरकारी रुग्णालयांत सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ आणि मग नाइट थेट सकाळी आठपर्यंत, बारा तासांची. ईव्हिनिंगवाली ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, देते आहे, नाइटवाली वही घेऊन तिच्या मागून खाटेखाटेला फिरते आहे. एक नंबर डेंग्यू, प्लेटलेट्स चाळीस हजार, सकाळी रिपीट. चार नंबर सीव्हीए, उजवी बाजू गेलेली, नाकात नळी, कॅथेटर, दोन तासांनी पोझिशन. नऊला डीकेए, तासातासाला शुगर. अकरा लिव्हरचा, पोटात पाणी, रात्री उठून पळतो, लक्ष ठेव. फ्लोअर तीन पॉयझनिंग, ॲट्रोपिन चालू, एमएलसी, सोबत कुणी नाही. चौदाचं संध्याकाळी सहाला झालं, बॉडी गेली, कॅज्युअल्टीतून त्याच खाटेवर नवीन येतोय. मग गुंगीच्या औषधांच्या कपाटाची किल्ली, अँप्युल मोजून सही, मॉनिटर एक बंद आहे, ऑक्सिजनचा फ्लोमीटर गळतोय, कळवलंय. मंजूर खाटा तीस आणि माणसं पन्नास, त्यातली काही गादीवर, काही दोन खाटांच्या मधल्या सतरंजीवर. असा वॉर्ड आपल्याकडे अपवाद म्हणता येणार नाही. रात्रीला सिस्टर एक. नशीब असेल तर दोन.

ओव्हरच्या वहीत सगळं असतं. लघवी किती झाली, ताप किती चढला, कुठलं इंजेक्शन किती वाजता. चौदा नंबरचं ‘झालं’ या एका शब्दामागे ईव्हिनिंगवालीचा तास-दीड तास गेला आहे, तो मात्र नसतो. डॉक्टरांनी तपासून वेळ लिहिली आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. त्यानंतर नाकातली नळी, हातातली सुई, कॅथेटर तिनेच काढलं. हनुवटीखालून पट्टी बांधली, डोळे मिटवले, कापूस भरला, पायांचे अंगठे एकत्र बांधून चिठ्ठी लावली. बोटातली अंगठी मुलासमोर काढून रजिस्टरला नोंद केली, त्याची सही घेतली. बायको पायाशी बसून होती, तिला पाणी दिलं. ‘आता न्यायचं कसं’ या प्रश्नाला शववाहिकेचा नंबर दिला. मग साबणाने हात धुतले, कारण सहाचे डोस राहिले होते आणि पंधरा नंबरचा नातेवाईक दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती खेकसली.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं की चेहऱ्यावरचं हसू हाही कामाचाच भाग असतो, त्यालाही श्रम पडतात, आणि पगार देणारा ते श्रमही विकत घेतो. परिचारिकेचं काम त्याहून अवघड आहे. तिला एका खाटेपाशी धीर द्यायचा असतो, पुढच्या खाटेपाशी दटावायचं असतं, तिसरीपाशी ‘काळजी करू नका’ असं खोटं नाही आणि पूर्ण खरंही नाही असं काहीतरी बोलायचं असतं. हे सगळं एका मिनिटात. एका तोंडाने हे तिन्ही करताना स्वतःला काय वाटतं आहे ते बाजूला ठेवावं लागतं, आणि बाजूला ठेवलेलं काढून बघायला ड्युटीत जागा नसते.

आता इझाबेल मेंझीस. भारतात नर्सिंगच्या अभ्यासक्रमाबाहेर हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल, पण या विषयावर इतकं धारदार लिहिलेलं मी दुसरं वाचलेलं नाही. १९५०च्या दशकात लंडनमधल्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयाने टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या या मनोविश्लेषक बाईंना बोलावलं ते अगदी साध्या अडचणीसाठी: विद्यार्थिनींच्या ड्युट्या लावताना त्यांचं शिक्षण आणि वॉर्डाची गरज यांचा मेळ बसेना. मेंझीस आत शिरल्या आणि त्यांना दिसलं की सगळं रुग्णालय वरपासून खालपर्यंत चिंतेने ग्रासलेलं आहे. मरणारी माणसं, उघडी शरीरं, चूक झाली तर जीव जाईल ही भीती. इथवर कुणालाही सुचलं असतं. त्यांनी पुढचं पाहिलं. या चिंतेपासून वाचण्यासाठी रुग्णालयाने कामाची रचनाच अशी केली होती की परिचारिकेचा कुठल्याही एका रुग्णाशी फार संबंध येऊ नये. एक जण सगळ्यांचे ताप घेणार, दुसरी सगळ्यांना औषधं देणार, तिसरी सगळ्यांच्या चादरी बदलणार. रुग्णाचं नाव घ्यायचं नाही, खाटेचा नंबर किंवा बिघडलेला अवयव सांगायचा. भावना दाखवणारी मुलगी कच्ची ठरायची. प्रत्येक कृती ठरल्या क्रमाने, वर पुन्हा दुसरीने तपासायची, निर्णय होता होईल तो वरच्या पायरीकडे ढकलायचा.

१९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातला निष्कर्ष असा, की या सगळ्या तटबंदीने चिंता कमी तर झालीच नाही, उलट वाढली. कारण रुग्णाला बरं वाटताना पाहणं, त्याने नावाने हाक मारणं, ‘हे मी केलं’ असं म्हणता येणं, या ज्या गोष्टींनी परिचारिकेला बळ मिळतं त्याही तटाबाहेरच राहिल्या. शिक्षण अर्धवट सोडून जाणाऱ्या मुली पुष्कळ होत्या, आणि त्यांत चांगल्या मुली बऱ्याच होत्या.

साठपेक्षा जास्त वर्षांपूर्वीचं, परक्या देशातलं हे वर्णन वाचताना वर लिहिलेला ओव्हर आठवल्याशिवाय राहत नाही. एक नंबर, चार नंबर, लिव्हरचा. आपल्याकडे ही पद्धत कुणी चिंतेवर उपाय म्हणून आणली असेल असं वाटत नाही. पन्नास माणसं आणि एक सिस्टर या गणितातून ती आपोआप आली. पण परिणाम तोच.

गणिताचा विषय निघालाच आहे तर तो पुरता करू. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे की शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, आणि अतिदक्षता विभागात एकास एक. रजा आणि सुट्या धरून वर जादा माणसं वेगळी. यावर सिस्टरांशी बोलून पाहा, त्या हसतात. न हसता बोलायचं तर एवढंच घ्या: पडून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचेला जखमा होतात. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवलं जाणारं हे काम. वॉर्डात असे दहा रुग्ण आहेत असं धरा. मोठ्या माणसाला कुशीवर वळवून, पाठ पुसून, पावडर लावून, उशी अडकवायला दोन जणी लागतात आणि पाच मिनिटं जातात. दहा रुग्णांची झाली पन्नास मिनिटं. म्हणजे दर दोन तासांतली पन्नास मिनिटं दोन्ही सिस्टर फक्त कूस बदलत आहेत, आणि उरलेल्या चाळीस माणसांच्या सलाइन, डोस, ताप, हाका, नवीन ॲडमिशन यांच्याकडे बघायला वॉर्डात कुणीही नाही. एकटी असेल तर प्रश्नच मिटला. म्हणून वॉर्डात काय होतं, तर नातेवाइकाला दाखवून दिलं जातं. ज्याला नातेवाईक नाही त्याला जखम होते. सिस्टरला ती होणार हे आधीपासून माहीत असतं.

पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांना तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिकेला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, असं त्यात आढळलं. तिथे चर्चा चारावरून आठवर जाण्याची होती. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्येच कायदा केला आणि २००४ पासून एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती रुग्ण द्यायचे याला सरकारी मर्यादा घातली. आपल्याकडचा निकष निकषच राहिला. तो मोडला म्हणून कुणा अधिकाऱ्याची खुर्ची गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

इथे एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम करणारी २५ वर्षांची परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्युटी संपल्यावर रुग्णालयाच्याच तळघरात कपडे बदलायला गेली असताना तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, गळ्याला कुत्र्याची साखळी आवळली. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. ती परत कधी शुद्धीवर आलीच नाही असं म्हणावं लागेल. १८ मे २०१५ रोजी ती गेली, तोवर जवळपास ४२ वर्षं केईएमच्या चार नंबर वॉर्डालगतच्या खोलीत होती. तिची दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, ७ मार्च २०११ चा निकाल झाला, भारतातली त्या विषयाची सगळी चर्चा तिथून फिरली. ते सर्वांना माहीत आहे. मला बोलायचं आहे ते तिच्या पाठीबद्दल. इतकी वर्षं अंथरुणात पडून असलेल्या या बाईला बेडसोर झाला नाही. न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी पाहिलं, न्यायमूर्तींनी निकालात परिचारिकांचं कौतुक केलं.

एकामागून एक निवृत्त होत गेलेल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला आंघोळ घातली, मऊ अन्न हाताने भरवलं, दोन-दोन तासांनी कूस बदलली. महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचं ठरवलं तेव्हा परिचारिका आडव्या आल्या. दयामरणालाही त्यांनी विरोध केला. त्यांची बाजू बरोबर होती का, यावर मतभेद आहेत आणि राहतील. याचिका करणाऱ्या पिंकी विरानींचा युक्तिवादही मला हलका वाटत नाही. पण एक गोष्ट कुणी फारशी लक्षात घेतली नाही. आपलीच सहकारी, अशी पडलेली, बरी होण्याची आशा शून्य: याहून जास्त मनाला पोखरणारा रुग्ण कुठल्या परिचारिकेच्या वाट्याला आला असेल? दुःख बघून माणूस जळून जातं हे खरं असतं, तर केईएमच्या त्या खोलीत सगळ्यात आधी राख व्हायला हवी होती. तसं झालं नाही. त्या खोलीबद्दल परिचारिका अभिमानाने बोलत आल्या.

याचं कारण मला असं दिसतं की तिथे त्यांना त्यांचं काम पूर्ण करता येत होतं. एक रुग्ण, एक खोली, शिकवल्याप्रमाणे सगळं. त्याच परळच्या इमारतीत, भिंतीपलीकडच्या जनरल वॉर्डात, त्याच हातांना तेच काम अर्धं सोडून पुढच्या खाटेकडे पळावं लागत होतं. माणसाला खातं ते हे पळणं. अँड्र्यू जेमटन या अमेरिकन तत्त्वचिंतकाने १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात याला नैतिक यातना म्हटलं: योग्य काय ते माहीत आहे, पण ज्या व्यवस्थेत काम करायचं ती ते करू देत नाही. पुढच्या पानांमध्ये ज्या वाक्यांपाशी तुम्ही थबकाल ती मृत्यूबद्दलची क्वचित असतील. ‘तिला पाणी हवं होतं, मी आले म्हणाले, आणि गेलेच नाही’, अशी असतील.

आणि हे ‘गेलेच नाही’ कधी कधी पोलिस ठाण्यात पोहोचतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण मरण पावले. दोन्हीकडे चौकशा झाल्या, वरिष्ठांवरही कारवाई झाली, पण दोन्हीकडे गुन्ह्याच्या कागदात ड्युटीवरच्या परिचारिकांची नावं आली. त्या वेळी कोण कुठे होतं याचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे, त्यात मी पडत नाही. मात्र वायरिंग, धुराचे गजर, पाण्याचे फवारे यांतलं काहीही परिचारिकेच्या अखत्यारीत येत नाही. आणि ज्या परिचारिका त्या प्रसंगातून गेल्या, त्यांच्या मनाचं पुढे काय झालं हे विचारणारा एकही रकाना चौकशीच्या अर्जात नसतो. अल्बर्ट वू या डॉक्टरने २००० मध्ये अशा आरोग्य कर्मचाऱ्यांना दुसरा बळी म्हटलं होतं. त्यावर वाद आहे. ज्यांचं मूल गेलं त्यांना हा शब्द खुपतो, आणि तो खुपणं मला रास्त वाटतं. तरीही भंडाऱ्याची बातमी आल्यावर गावोगावच्या नवजात शिशू कक्षांमध्ये नाइटला जाणाऱ्या मुलींनी पहिल्यांदा काय केलं असेल? मला वाटतं, दाराची कडी आतून कशी उघडते ते बघून ठेवलं असेल.

खाजगी रुग्णालयांची तऱ्हा वेगळी. तिथे रुग्ण कमी, एसी आहे, चादरी स्वच्छ. पण नातेवाईक ग्राहक असतो, आणि त्याने तक्रारवहीत लिहिलेल्या दोन ओळी पगारातून कापल्या जातात. २०११-१२ च्या सुमारास केरळपासून मुंबईपर्यंत खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिका रस्त्यावर आल्या तेव्हा प्रमाणपत्रं अडवून ठेवणं, बाँड, तुटपुंजा पगार हे सगळं उघड्यावर आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१६ मध्ये केंद्राने समिती नेमली. समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपये, आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा अशी शिफारस केली. शिफारस चांगली होती. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये जाऊन आज पगार विचारून बघा.

सरकारी नोकरीत पगार बरा, पण ती नोकरीच आता कंत्राटावर आली आहे. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी संप केला त्यातली मुख्य मागणीच ही होती की बाहेरच्या कंपनीमार्फत भरती करू नका. त्याआधी दोनच वर्षं, २२ मार्च २०२० ला याच परिचारिकांसाठी आपण गॅलरीत थाळ्या वाजवल्या होत्या, मे महिन्यात रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली होती. पीपीई किटमध्ये आठ-आठ तास पाणी न पिता, बाथरूमला न जाता, पाळीच्या दिवसांतही उभ्या राहिलेल्या कितीतरी जणींना लाट ओसरल्यावर घरी पाठवण्यात आलं. फुलांचा पाऊस पाहिलेल्या एखाद्या परिचारिकेला आज कुणी ‘तुमची सेवा’ म्हणून सुरुवात केली की तिचा चेहरा बघण्यासारखा होतो.

ज्यांना जमतं त्या जातात. लॉकरमध्ये आयव्हीच्या कॅथेटरशेजारी आयईएलटीएसचं पुस्तक असतं, अलीकडे जर्मनच्या वह्या दिसू लागल्या आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. इथल्या रिकाम्या जागा भरायच्या राहिल्या आहेत. आणि जाणाऱ्या मुलीला नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही.

घराबद्दल पुस्तकात एक स्वतंत्र भाग आहे, म्हणून इथे थोडक्यात. नाइट करून सकाळी नऊला आलेल्या सुनेने झोपावं, हे अजून पुष्कळ घरांत पचत नाही. डबा, मुलांची शाळा, दुपारची पाहुणी यांतून तिला दोन-तीन तासांची तुटक झोप मिळते आणि रात्री आठला तीच पुन्हा ॲट्रोपिनचे थेंब मोजत असते. मारहाणीबद्दलही थोडक्यात. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. रात्री दोनला दारूच्या वासाचे आठ जण कॅज्युअल्टीत शिरतात तेव्हा टेबलाच्या अलीकडे बहुतेक वेळा सिस्टर असते, आणि कायदा सकाळी अकरा वाजता उघडणाऱ्या कचेरीत.

आता उपायांबद्दल. ताणतणाव व्यवस्थापनाची कार्यशाळा हा आपल्याकडचा लाडका उपाय. सभागृहात पंखे फिरतात, पाहुण्या बाई डोळे मिटायला सांगतात, श्वासावर लक्ष केंद्रित करायला सांगतात, आणि संख्या भरावी म्हणून नाइट संपवून बसवलेल्या सिस्टर पहिल्या दोन मिनिटांत खऱ्याखुऱ्या झोपतात. योगाला माझा विरोध नाही. पण रिकामी पदं भरण्याऐवजी योग शिकवणं म्हणजे माणसाला उपाशी ठेवून त्याला नीट चावून खायला सांगणं. या पुस्तकातल्या परिचारिका काय मागतात ते वाचताना मला त्यांच्या मागण्यांच्या साधेपणाचं आश्चर्य वाटलं. ठरलेली साप्ताहिक सुट्टी रद्द करू नका. महिन्याचा ड्युटी-तक्ता महिना सुरू व्हायच्या आधी लावा. खाटा वाटून द्या, म्हणजे हे दहा माझे असं म्हणता येईल (मेंझीसबाईंनी ऐकलं असतं तर त्या खूश झाल्या असत्या). लिखापढीसाठी एक कारकून द्या. वॉर्डात लहान मूल गेलं तर त्या दिवशी दहा मिनिटं बसू द्या, चहा द्या, कुणीतरी विचारा. चेंजिंग रूमला आतून कडी लावा. हे शेवटचं अरुणा शानबागच्या घटनेनंतर पन्नास वर्षांनी कुणाला मागावं लागतं.

ज्यांच्या वाढदिवशी आपण परिचारिका दिन पाळतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर १८५७ पासून बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, हे भाषणांत येत नाही. त्या अंथरुणातून त्यांनी जे काम केलं ते दिव्याचं नव्हतं. सैनिक लढाईपेक्षा रोगराईने किती मेले याचे आकडे त्यांनी तक्त्यांत मांडले, आकृत्या काढल्या आणि सरकारच्या पुढ्यात टाकले. या पुस्तकात आठवणी जास्त आहेत, आकडे कमी, आणि ही त्याची उणीव आहे असं मी संपादकांना सांगितलं. त्यांचं उत्तर असं, की वॉर्डात रात्री किती परिचारिका होत्या हे लेखी द्यायला कुठलंच रुग्णालय तयार झालं नाही.

वाचकांसाठी दोन गोष्टी. पुस्तकात पुरुष परिचारक फार थोडे आहेत, आणि आशा कार्यकर्त्या नाहीतच. त्यांच्या कामाचा ताण वेगळ्या जातीचा आहे, त्याला वेगळं पुस्तक लागेल. दुसरं, कोणाचंही नाव, गाव, रुग्णालय इथे दिलेलं नाही, काही ठिकाणी वॉर्डही बदलला आहे. बोलणाऱ्यांपैकी निवृत्त झालेल्यांना नाव छापायला हरकत नव्हती. बाकीच्या अकरा महिन्यांच्या कंत्राटी आदेशावर आहेत, आणि पुढचा आदेश कोणाच्या सहीने निघतो हे त्यांना चांगलं माहीत आहे.